कॅट चाचणी: औषधं बरोबरीत सुटली, वेळापत्रकं नाही

एकाच कंपनीची दोन औषधं. दोन्ही व्हीईजीएफ नावाच्या एकाच प्रथिनाला धरून ठेवतात, दोन्ही डोळ्यात ०.०५ मिलि इतकीच दिली जातात, आणि किमतीत तेव्हा चाळीस पटींचा फरक होता. रॅनिबिझुमॅब, म्हणजे ल्युसेंटिस, याला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ३० जून २००६ रोजी ओल्या एएमडीसाठी, म्हणजे वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मध्य बिघडवणाऱ्या आजाराच्या एका प्रकारासाठी, मान्यता दिली. डोस तेव्हा सुमारे २००० डॉलरला. बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे अव्हॅस्टिन, फेब्रुवारी २००४ पासून आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी शिरेतून दिलं जात होतं. त्याच्या बाटलीतून डोळ्यापुरता अंश काढला तर तो ५० डॉलरच्या आसपास पडे. ल्युसेंटिस बाजारात येण्याआधीच, २००५ मध्ये, मायामीच्या बॅस्कम पामर संस्थेत फिलिप रोझेनफेल्ड यांनी अव्हॅस्टिन डोळ्यात देऊन पाहिलं होतं आणि पडद्याची सूज उतरलेली ओसीटीवर (पडद्याचे छेद दाखवणाऱ्या तपासणीवर) दिसली होती. बघता बघता रेटिनाचे डॉक्टर ते सर्रास देऊ लागले. दोन्ही औषधं समोरासमोर ठेवून तपासलेला पुरावा मात्र नव्हता.

कंपनी तो गोळा करायला निघणार नव्हती. स्वतःच्या महाग औषधासमोर स्वतःचंच स्वस्त औषध कोण उभं करेल? ते काम अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने सरकारी पैशातून केलं, तीच ही कॅट (CATT) चाचणी. क्लीव्हलँड क्लिनिकचे डॅनियल मार्टिन प्रमुख, आकडेवारीचं काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे, ओसीटी वाचण्याचं ड्यूक विद्यापीठाकडे. फेब्रुवारी २००८ ते डिसेंबर २००९ या काळात १२०८ रुग्ण घेतले गेले. एका केंद्राने नियमावली गंभीरपणे मोडल्याचं आढळल्यावर तिथले २३ रुग्ण वगळले, राहिले ११८५. पहिल्या वर्षाचे निकाल एप्रिल २०११ मध्ये आले.

या चाचणीचं सार आपल्याकडे एका वाक्यात सांगितलं जातं: ‘अव्हॅस्टिन आणि ल्युसेंटिस सारखंच.’ वाक्य खोटं नाही. पण कॅटमध्ये दोन प्रश्न होते, औषध कोणतं आणि ते किती वेळा. त्या वाक्यात दुसरा प्रश्न गळून पडतो, आणि रुग्णाची नजर बहुतेक वेळा त्या दुसऱ्यातच जाते.

चाचणीची रचना

ओल्या एएमडीत पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलाखाली, नको असलेल्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या गळतात, पडद्याच्या थरांत किंवा पडद्याखाली पाणी साठतं, कधी रक्तस्राव होतो. दाराची चौकट वाकडी दिसते, समोरच्याच्या चेहऱ्यात मधोमध डाग येतो. उपचार नाही झाले तर तिथे व्रण तयार होतो, आणि मग कोणतंच इंजेक्शन उपयोगाचं नाही.

कॅटमध्ये ५० वर्षांवरील, आधी त्या डोळ्यावर उपचार न झालेले आणि २०/२५ ते २०/३२० इतकी नजर असलेले (खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी) रुग्ण घेतले. चार गट पाडले: ल्युसेंटिस दर महिन्याला, अव्हॅस्टिन दर महिन्याला, ल्युसेंटिस गरजेनुसार, अव्हॅस्टिन गरजेनुसार. महिना म्हणजे २८ दिवस. ल्युसेंटिसचा डोस ०.५ मिग्रॅ, अव्हॅस्टिनचा १.२५ मिग्रॅ.

‘गरजेनुसार’ या शब्दाने फार घोटाळा केला आहे. कॅटमधला गरजेनुसारचा रुग्णसुद्धा दर २८ दिवसांनी यायचाच. प्रत्येक भेटीत नजर मोजायची, ओसीटी काढायचा, डोळा तपासायचा. ओसीटीवर पाणी, नवा किंवा न विरलेला रक्तस्राव, मागच्या भेटीपेक्षा उतरलेली नजर, किंवा अँजिओग्राफीत रंगद्रव्याची गळती, यातलं काहीही दिसलं तर इंजेक्शन. पाणी थोडं असलं तरी इंजेक्शन. ‘पुढच्या वेळी बघू’ असा पर्याय नियमावलीत नव्हता. गरजेनुसार होतं ते इंजेक्शन, येणं नव्हे. ‘त्रास वाटला तर या’ या आपल्याकडच्या पद्धतीची कॅटमध्ये कधी परीक्षाच झाली नाही.

एक फट मात्र राहून गेली होती. नजर मोजणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला आहे हे माहीत नसायचं. पण विम्याच्या कागदपत्रांवर ल्युसेंटिसची नोंद यायची, अव्हॅस्टिनची नाही, त्यामुळे काही रुग्णांना आपल्याला काय मिळतंय याचा अंदाज आला असणार. अक्षरं वाचण्याच्या परीक्षेत उमेदीचाही थोडा वाटा असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पाच अक्षरांची हद्द

मोजमाप ईटीडीआरएस या नजर तपासण्याच्या तक्त्यावरच्या अक्षरांत. तक्त्याच्या एका ओळीत पाच अक्षरं. कॅटने आधीच ठरवलं होतं की दोन गटांतला फरक खात्रीने पाच अक्षरांच्या, म्हणजे एका ओळीच्या आत राहिला तर ते समतुल्य मानायचे. चार गटांच्या जोड्या होतात सहा. सहा तुलना केल्या की एखादी निव्वळ योगायोगाने जुळून येण्याची शक्यता वाढते, म्हणून विश्वासाची पातळी नेहमीच्या ९५ टक्क्यांऐवजी ९९.२ टक्के ठेवली (५ टक्के भागिले सहा, आणि ते शंभरातून वजा). हे गणित ध्यानात घेतलं की निकालाची भाषा एवढी सावध का आहे ते कळतं.

एका वर्षाने दरमहा ल्युसेंटिसवाल्यांनी सरासरी ८.५ अक्षरं कमावली, दरमहा अव्हॅस्टिनवाल्यांनी ८.०. फरक अर्ध्या अक्षराचा, आणि खरा फरक ३.९ अक्षरं कमी ते २.९ अक्षरं जास्त या पट्ट्यात कुठेतरी. पट्ट्याची दोन्ही टोकं पाचाच्या आत, समतुल्य. गरजेनुसारच्या गटांत ल्युसेंटिस ६.८, अव्हॅस्टिन ५.९, तेही समतुल्य. पण गरजेनुसार अव्हॅस्टिन आणि दरमहा अव्हॅस्टिन यांची तुलना केली तर फरक २.१ अक्षरांचा आणि पट्ट्याचं खालचं टोक ५.७ वर, म्हणजे हद्दीबाहेर. गरजेनुसार अव्हॅस्टिन विरुद्ध दरमहा ल्युसेंटिस इथेही तेच झालं. या दोन जोड्यांचा निकाल ‘अनिर्णित’. अनिर्णित म्हणजे वाईट ठरलं असं नव्हे, बरोबरीचं आहे असंही नव्हे. आणि आपल्या भागात सर्वांत जास्त रुग्णांच्या वाट्याला जे येतं ते नेमकं हेच, गरजेनुसार अव्हॅस्टिन. तेही दरमहा तपासणीशिवाय.

खर्चाचा हिशेब इतका सरळ आहे की पाटीवर मांडता येईल. दरमहा ल्युसेंटिस: वर्षाला सरासरी ११.७ इंजेक्शनं गुणिले २०००, म्हणजे २३,४०० डॉलर. दरमहा अव्हॅस्टिन: ११.९ गुणिले ५०, ५९५ डॉलर. गरजेनुसार ल्युसेंटिसची ६.९ इंजेक्शनं १३,८०० डॉलरना पडली, गरजेनुसार अव्हॅस्टिनची ७.७ इंजेक्शनं ३८५ डॉलरना. दरमहाऐवजी गरजेनुसार अव्हॅस्टिन देऊन औषधाचे वर्षाकाठी वाचतात ते २१० डॉलर. म्हणजे अव्हॅस्टिन घ्यायचं ठरल्यावर इंजेक्शनं कमी करून औषधाच्या पैशात फारसं काही वाचत नाही. वाचतात ते खेपा, शस्त्रक्रियागृहाचा खर्च, सोबत येणाऱ्या मुलाची रजा. तीही बचत आपल्या हाती लागायची तर दर महिन्याची ओसीटी टाळावी लागते, आणि ती टाळली की कॅटचा निकाल आपल्याला लागू होत नाही.

दुसऱ्या वर्षी दरमहा गटांतल्या रुग्णांची पुन्हा चिठ्ठी काढली. काहींचं दरमहा चालू राहिलं, काहींना गरजेनुसारवर आणलं. दोन वर्षांअखेर औषधांमधला फरक १.४ अक्षरांचा, नगण्य. वेळापत्रकांमधला फरक २.४ अक्षरांचा, आणि तो आकडेवारीच्या कसोटीवर कसाबसा का होईना टिकला. वर्षभर दरमहा घेऊन मग गरजेनुसारवर गेलेल्यांची नजरही सरासरी २.२ अक्षरांनी उतरली.

पाणी कोणाला दिसतं

नजर सारखी असली तरी ओसीटीवरचं चित्र सारखं नव्हतं. वर्षाअखेरीस पाण्याचा अंशही न दिसणारे डोळे दरमहा ल्युसेंटिसच्या गटात ४३.७ टक्के, दरमहा अव्हॅस्टिनच्या गटात २६.०, गरजेनुसार ल्युसेंटिसमध्ये २३.९, गरजेनुसार अव्हॅस्टिनमध्ये १९.२. पडदा कोरडा करण्यात ल्युसेंटिस थोडं वरचढ आहे, हे कॅटनेच दाखवलं. गरजेनुसार अव्हॅस्टिनची इंजेक्शनं ६.९ ऐवजी ७.७ का लागली, त्याचं उत्तरही इथेच: पाणी जास्त वेळा दिसलं, म्हणून सुई जास्त वेळा उचलली गेली.

मग नजरेत फरक का नाही? एक कारण नंतरच्या विश्लेषणांत सापडलं: सगळं पाणी एका तोलाचं नसतं. पडद्याच्या थरांच्या आत, मध्यबिंदूजवळ साठलेलं पाणी नजरेला मारक. अशा डोळ्यांची नजर खालीच राहिली. पडद्याच्या खाली, चपट्या फुग्यासारखं साठलेलं पाणी मात्र तितकं घातक ठरलं नाही. दोन वर्षांनी मध्यबिंदूखाली थोडं पाणी असलेल्या डोळ्यांची नजर तर पूर्ण कोरड्या डोळ्यांपेक्षा बरी निघाली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या फ्लुइड चाचणीने याच धाग्यावरून पडद्याखालचं २०० मायक्रॉनपर्यंतचं पाणी चालवून घेऊन पाहिलं. म्हणून ओसीटीच्या अहवालात नुसतं ‘पाणी आहे’ लिहून भागत नाही. थरांत की खाली, मध्यबिंदूवर की बाजूला, मागच्या वेळेपेक्षा वाढलं की घटलं, एवढं तरी लिहायला हवं.

आणि ते पाणी दिसायला हवं. कॅटमध्ये ओसीटी दोनदा वाचला जायचा: केंद्रातला डॉक्टर इंजेक्शन ठरवण्यासाठी वाचायचा, ड्यूकमधले वाचक नंतर संशोधनासाठी. पाणी आहे की नाही यावर चारातल्या एका भेटीत तरी दोघांचं जुळलं नाही. बहुतेक वेळा वाचकांना पाणी दिसलं, डॉक्टरला नाही. हे डॉक्टर प्रशिक्षित, चाचणीत नाव असलेले. यंत्राचाही त्यात भाग होता: पहिल्या वर्षीचे ओसीटी जुन्या, टाइम-डोमेन पद्धतीचे. ते यंत्र मॅक्युलावरून चाकाच्या आऱ्यांसारख्या सहा रेषा मारतं. दोन आऱ्यांमध्ये जे बसेल ते सुटून जातं. आजच्या स्पेक्ट्रल-डोमेन यंत्रात समांतर छेदांची दाट जाळी मिळते. पण घाईच्या बाह्यरुग्ण विभागात छापून येतो तो मधला एकच छेद आणि रंगीत नकाशा, आणि निर्णयही त्या एका कागदावर होतो. नकाशावर जाडी ‘नॉर्मल’ असूनही मध्यबिंदूच्या बाजूला बारीकशी पोकळी असू शकते. सगळे छेद पडद्यावर एकामागोमाग सरकवून पाहायला मिनिटभर लागतं. तो मिनिट वाचवणं परवडत नाही.

बाटली

सुरुवातीला एक आक्षेप असा होता की अव्हॅस्टिनचा रेणू मोठा (सुमारे १४९ किलोडाल्टन, ल्युसेंटिसचा ४८), तो पडद्यातून पार होणारच नाही. गंमत म्हणजे हा समज माकडांवरच्या ज्या प्रयोगावरून पसरला, त्यात अव्हॅस्टिन वापरलंच नव्हतं. स्तनाच्या कर्करोगावरची दुसरीच अँटिबॉडी वापरली होती. कॅटनंतर तो मुद्दा मिटला. खरी अडचण रेणूत नाही, बाटलीत आहे.

अव्हॅस्टिनची लहान बाटली ४ मिलिची, त्यात १०० मिग्रॅ औषध. डोळ्याला लागतं ०.०५ मिलि. कागदावर ऐंशी डोस. सिरिंजमध्ये हवा काढण्यापुरतं धरून ०.१ मिलि घेतलं तरी चाळीस. ही बाटली एका कर्करुग्णाला एकदाच टोचण्यासाठी बनवलेली, तिच्यात जंतुरोधक द्रव्य नाही. तिच्या बुचात सुई पुन्हा पुन्हा खुपसली, संध्याकाळी उरलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात काढलं, की एक जंतू शिरला तरी त्या बाटलीवरचे सगळे डोळे एकदम धोक्यात. ल्युसेंटिसच्या एकेरी बाटलीत चूक झाली तर एक डोळा जातो, इथे रांगच्या रांग.

कॅटने ही जोखीम आपल्या परीने बांधून ठेवली होती. अव्हॅस्टिन निर्जंतुक पद्धतीने काचेच्या छोट्या बाटल्यांत भरून केंद्रांना पाठवलं जायचं, प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये आठवडेच्या आठवडे पडून राहिलेलं नव्हे. दोन वर्षांत १८,५०९ इंजेक्शनं झाली, त्यात डोळ्यात जंतुसंसर्ग ११ वेळा. दर १७०० इंजेक्शनांमागे एक. चाचणीबाहेर काय होऊ शकतं ते निकाल आले त्याच वर्षी दिसलं. २०११ च्या जुलैत मायामी परिसरात एकाच औषधालयाने भरून दिलेल्या अव्हॅस्टिनच्या सिरिंजमधून किमान १२ रुग्णांच्या डोळ्यांत स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग झाला. आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये गुजरातेत अव्हॅस्टिन दिलेल्या अनेक रुग्णांना एकाच वेळी त्रास झाल्यावर औषध महानियंत्रकांनी इशारा काढला, आणि काही काळ डॉक्टरांनी बाटलीला हात लावणंच बंद केलं.

बाटली वाटून घ्यायची असेल तर ती लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेच्या) कक्षात, एकाच बैठकीत, सगळ्या सिरिंज भरून. बाटली २ ते ८ अंशांत राहिली होती याची नोंद आधी पाहायची. गोठलेली असेल तर टाकून द्यायची, हलवून फेस आणायचा नाही. प्रथिन घुसळलं की त्याच्या गुठळ्या होतात, सिरिंजच्या आतलं सिलिकॉन तेल त्यात भर घालतं, आणि डोळ्यात जंतूविना दाह उठतो. तो खऱ्या संसर्गापासून ओळखताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. भरलेल्यातली एक सिरिंज कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते तपासायला, पाठवावी. बॅच क्रमांक प्रत्येक रुग्णाच्या कागदावर आणि वेगळ्या वहीत लिहावा. दुसऱ्या दिवशी एका रुग्णाचा डोळा लाल झाला तर बाकीच्यांना तासाभरात फोन जाऊ शकतो, तो त्या वहीमुळेच.

टोचण्याची रीत दोन्ही औषधांना एकच: ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात घालून थांबायचं, पापण्या स्पेक्युलमने बाजूला, ३० गेजची सुई, कृत्रिम भिंग बसवलेलं असेल तर बुबुळाच्या कडेपासून ३.५ मिमीवर आणि नैसर्गिक भिंग असेल तर ४ मिमीवर. सुई टोचताना डॉक्टर आणि मदतनीस दोघांनीही बोलायचं नाही, किंवा मास्क लावायचा. स्ट्रेप्टोकॉकस तोंडात राहतो. इंजेक्शननंतर बोटं दिसतात का ते विचारायचं. वेदना वाढणं, नजर उतरणं, लाली वाढणं यातलं काहीही पहिल्या आठवड्यात झालं तर त्याच दिवशी परत यायचं, हे घरच्यांना सांगायचं, नुसतं रुग्णाला नाही.

२०१५ मध्ये अहमदाबादच्या इन्टासचं रझुमॅब हे ल्युसेंटिसचं जैवसमान औषध भारतात मंजूर झालं, आणि अव्हॅस्टिन की ल्युसेंटिस या दोनच टोकांमध्ये अडकलेली निवड थोडी सैल झाली.

शरीरावरचे परिणाम

इथे कॅटचा आकडा अव्हॅस्टिनच्या विरोधात जातो. पहिल्या वर्षी गंभीर प्रतिकूल घटना, मुख्यतः रुग्णालयात दाखल होणं, अव्हॅस्टिनवाल्यांत २४.१ टक्के आणि ल्युसेंटिसवाल्यांत १९.०, दोन वर्षांअखेर ३९.९ आणि ३१.७. आकडा दडवण्याजोगा नाही. पण जास्तीच्या घटना बहुतेक अशा प्रकारच्या, ज्यांचा व्हीईजीएफ रोखण्याशी आधी संबंध दिसला नव्हता. शिवाय जास्त औषध घेतलेल्या दरमहा गटांत त्या जास्त असायला हव्या होत्या, तशा त्या नव्हत्या. औषधच कारण असतं तर डोस वाढल्यावर घटना वाढल्या असत्या. कॅट इतक्या आकाराची नव्हतीच की हृदयविकार किंवा पक्षाघातातला लहान फरक तिने पकडावा. नुकताच पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाबाबत हात आखडता घेणं समजण्यासारखं आहे. सरसकट सगळ्यांना या आकड्यावरून घाबरवणं नाही.

पाच वर्षांनी

दोन वर्षांअखेर एक गोष्ट दरमहा इंजेक्शनांच्या विरोधातही गेली. पडद्याखालच्या पेशी झिजून पडणारा कोरडा चट्टा, म्हणजे जिऑग्राफिक अॅट्रॉफी, दरमहा ल्युसेंटिसच्या गटात २५.८ टक्के डोळ्यांत नव्याने दिसला. गरजेनुसार अव्हॅस्टिनच्या गटात १२.९. पडदा सतत कोरडा ठेवण्याची काही किंमत मोजावी लागते का, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला आहे.

चाचणी संपल्यावर रुग्ण आपापल्या डॉक्टरांकडे परतले, औषध आणि वेळापत्रक दोन्ही त्यांच्या मर्जीवर. सुरुवातीपासून पाच-साडेपाच वर्षांनी ६४७ जणांना पुन्हा बोलावलं. मधल्या काळात त्यांना सरासरी १५.४ इंजेक्शनं मिळाली होती, वर्षाला चार-पाच. निम्म्या डोळ्यांची नजर अजून २०/४० किंवा त्याहून चांगली होती. उपचार नसते तर हे कल्पनेतही आलं नसतं. पण दोन वर्षांच्या टप्प्यापासून सरासरी १०.८ अक्षरं गेली होती, चाचणीत कमावलेलं सगळं संपून सुरुवातीच्याही ३.३ अक्षरं खाली. वीस टक्के डोळे २०/२०० किंवा त्याखाली. ८३ टक्क्यांत ओसीटीवर पाणी, ४१ टक्क्यांत अॅट्रॉफी. मूळ कोणत्या गटात होते याने नजरेत फरक उरला नव्हता. यातली किती घट इंजेक्शनं कमी पडल्यामुळे आणि किती पेशी झिजल्यामुळे, ते या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. पाच वर्षं दर २८ दिवसांनी इंजेक्शन चालू ठेवलेला गट तुलनेला कॅटमध्ये नव्हताच.